कुलाब्याची नोंदवही आणि सूर्यावरचं वादळ

(आपल्या मासिक बैठकीत दिलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. नंतरच्या प्रश्नोत्तरांतले दोन मुद्दे शेवटी जोडले आहेत.)



बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी जरा का-कू केलं. या व्यासपीठावर आपण बहुधा समाज, राजकारण, शिक्षण असे विषय ऐकतो, आणि माझं काम आहे सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याचं. पण संयोजक म्हणाले, "मे महिन्यातल्या त्या गुलाबी आकाशाबद्दल सगळे विचारतात, तेवढं तरी सांगा." म्हणून सुरुवात तिथूनच करते.

१० मे २०२४, शुक्रवार. रात्री आम्ही न्यू जर्सीतल्या घराच्या मागच्या अंगणात उभे होतो. आकाशात ढग होते, पण मधल्या फटींतून फिकट गुलाबी आणि जांभळट उजेड दिसत होता. डोळ्यांना अंधुक, फोनच्या कॅमेऱ्यात मात्र स्पष्ट. जो ध्रुवीय प्रकाश बघायला लोक पैसे खर्चून अलास्काला जातात, तो आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर उतरला होता. त्याच रात्री तो फ्लोरिडापर्यंत दिसला, आणि लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीही लाल आकाश टिपलं.

तेवढ्यात आईचा अलिबागहून फोन. तिच्याकडे शनिवारची सकाळ होती. "अगं, इथे सगळ्यांना मेसेज आलाय. रात्री साडेबारा ते साडेतीन पृथ्वीजवळून किरण जाणार आहेत, मोबाईल बंद करून लांब ठेवा, नाहीतर शरीराला अपाय होतो. नासाने सांगितलंय. खरं का गं?"

हा मेसेज आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचला असेल. अनेक वर्षं तो तसाच फिरतोय. वेळ तीच, धमकी तीच, नासाचं नावही तेच. मी आईला म्हटलं, "खोटं आहे. निवांत झोप." ती म्हणाली, "पण वादळ आलंय असं तूच तर काल म्हणालीस!"

आता काय सांगणार? वादळ खरंच आलं होतं. मेसेज खोटा होता. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे तिला फोनवर पाच मिनिटांत काही मला सांगता आलं नाही. आजचं भाषण म्हणजे त्या फोनचं राहिलेलं उत्तर समजा.

आधी थोडं विज्ञान. सूर्याच्या बाहेरच्या भागाचं, म्हणजे प्रभामंडलाचं, तापमान दहा लाख अंशांच्याही वर असतं. इतक्या तापलेल्या वायूला सूर्याचं गुरुत्वाकर्षण पूर्ण धरून ठेवू शकत नाही. तो सतत बाहेर वाहत राहतो. यालाच आपण सौरवात म्हणतो. वारा म्हटलं तरी तो अतिशय विरळ असतो. पृथ्वीजवळ एका घनसेंटिमीटरमध्ये जेमतेम पाच-दहा कण. पण वेग सेकंदाला साधारण चारशे किलोमीटर. सूर्यापासूनचं पंधरा कोटी किलोमीटरचं अंतर तो चार-साडेचार दिवसांत कापतो.

ही कल्पना युजीन पार्कर यांनी १९५८ साली मांडली तेव्हा ती कुणाला पटली नाही. अॅस्ट्रोफिजिकल जर्नलकडे आलेला त्यांचा लेख दोन्ही परीक्षकांनी नाकारला. त्या नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांना स्वतःलाही ती कल्पना रुचलेली नव्हती. पण गणितात चूक सापडेना, आणि परीक्षकांनीही चूक दाखवली नव्हती. म्हणून त्यांनी लेख छापला. १९६२ मध्ये मरिनर-२ यान शुक्राकडे जाताना त्याला वाटभर हा वारा लागला, आणि वाद संपला. आपल्याला न आवडणारं पण चूक दाखवता न येणारं म्हणणं छापणं, याला वैज्ञानिक दृष्टी म्हणतात. आपल्या चर्चांनाही ही कसोटी लावायला हरकत नाही.

तर हा वारा पृथ्वीवर येतो, पण थेट अंगावर येत नाही. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मध्ये उभं असतं. वारा त्याला सूर्याच्या बाजूने दाबतो आणि मागच्या बाजूला लांब शेपटीसारखं ओढतो. दाबलेली बाजू पृथ्वीपासून साधारण साठ-सत्तर हजार किलोमीटरवर असते, तर शेपूट चंद्राच्याही पलीकडे जाते. या सगळ्या आवरणाला चुंबकांबर म्हणतात. नदीच्या प्रवाहात मोठा खडक असला की पाणी दोन्ही बाजूंनी वळसा घालून जातं, तसा सौरवात एरवी या आवरणाला वळसा घालून निघून जातो.

मग वादळ कधी होतं? सूर्यावरच्या डागांच्या परिसरात चुंबकीय क्षेत्र पीळ पडून ताणलेलं असतं. ते एकदम सुटलं की अब्जावधी टन वायू एका झटक्यात बाहेर फेकला जातो. त्याचा वेग नेहमीच्या वाऱ्याच्या दुप्पट, तिप्पट, क्वचित पाचपटही असतो. तो रोख पृथ्वीच्या दिशेने असला तर एक ते तीन दिवसांत इथे येऊन आदळतो.

पण आदळणं पुरेसं नसतं, आणि माझ्या विषयातली खरी गंमत इथेच आहे. हा वायू आपल्याबरोबर सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राचा तुकडा घेऊन येतो. पृथ्वीच्या समोरच्या बाजूला आपलं क्षेत्र उत्तरेकडे रोखलेलं असतं. येणारं क्षेत्रही उत्तरेकडे असेल, तर दोघं एकमेकांना रेटतात आणि दार बहुतेक बंदच राहतं. पण ते दक्षिणेकडे वळलेलं असेल, तर दोन्हीकडच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात. दार उघडतं. मग वाऱ्यातली ऊर्जा तासन् तास आत येत राहते. ही जोडणी १९६१ मध्ये जेम्स डंगी यांनी दाखवून दिली.

आत शिरलेल्या ऊर्जेने दोन मुख्य गोष्टी होतात. काही कण ध्रुवांजवळच्या वातावरणात वेगाने आदळतात. तिथले ऑक्सिजन आणि नायट्रोजन उजळतात, तो ध्रुवीय प्रकाश. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर उंचीवर, पृथ्वीभोवती विद्युतप्रवाहाचं एक कडं फिरत असतं. वादळात ते कडं फार बळकट होतं. त्याचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असतं. म्हणून जमिनीवर मोजलं तर पृथ्वीचं आडवं चुंबकीय क्षेत्र कमी झालेलं दिसतं. किती कमी झालं, यावरून वादळ किती मोठं ते ठरतं. ही घट सर्वांत स्वच्छ दिसते ती ध्रुवांजवळ नाही, तर विषुववृत्तापासून फार लांब नसलेल्या, पण अगदी त्यावरही नसलेल्या ठिकाणी. उदाहरणार्थ, मुंबई.

आणि आता आपण मुंबईला जाऊ.

मुंबईच्या कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा बांधली. तिथे १८४१ पासून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजायला सुरुवात झाली. आपल्या ओळखीचं एक नाव या वेधशाळेशी जोडलेलं आहे. 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर. त्यांनी काही काळ या वेधशाळेची जबाबदारी सांभाळली होती. मराठी वृत्तपत्राचा जनक चुंबकसूचीचीही नोंद ठेवत होता, हे शाळेत आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमधल्या रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा खगोलनिरीक्षक सूर्याचे डाग कागदावर उतरवून घेत होता. सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी त्याला डागांच्या समूहावर दोन झगझगीत ठिपके दिसले. पाच मिनिटांत ते विझले. योगायोगाने रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकालाही त्याच वेळी ते दिसले, म्हणून साक्षीदार दोन झाले. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ आलं. म्हणजे त्या वायूचा सरासरी वेग सेकंदाला दोन हजार किलोमीटरच्याही वर असणार.

त्या रात्री क्यूबापर्यंत आकाश लाल झालं. अमेरिकेत तारायंत्राच्या तारांमध्ये आपोआप प्रवाह वाहायला लागला. बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारवाल्यांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि नुसत्या त्या आकाशातून आलेल्या विजेवर काही काळ संदेश पाठवले. इंग्लंडमध्ये चुंबकीय नोंद फोटोच्या कागदावर होत असे. तिथे प्रकाशाचा ठिपका हलत हलत कागदाबाहेर निघून गेला. म्हणजे वादळ मोठं होतं हे समजलं, पण किती मोठं ते समजलं नाही.

कुलाब्याला तेव्हा फोटोची सोय नव्हती. माणूस बसून डोळ्यांनी वाचन घ्यायचा. एरवी तासाला एकदा, आणि सूची अस्वस्थ झाली की पंधरा मिनिटांनी, पाच मिनिटांनी. २ सप्टेंबरच्या सकाळी तिथे कुणीतरी बसलेलं होतं. आकडे पडायला लागले आणि पडतच गेले. एरवी तिथलं आडवं क्षेत्र आजच्या एककात सदतीस-अडतीस हजार नॅनोटेस्लाच्या आसपास. त्या सकाळी ते सोळाशे नॅनोटेस्लांनी खाली आलं. टक्केवारीत चारच टक्के, पण साध्या मोठ्या वादळात घट शंभर-दोनशेची असते. बसलेल्या माणसाने असा आकडा आयुष्यात पाहिला नसणार. त्याने तो लिहिला. काही मिनिटांनी पुढचा लिहिला.

तो माणूस कोण होता, हे मला माहीत नाही. तिथल्या निरीक्षकांची नावं आकड्यांसारखी जगभर गेली नाहीत.

ही नोंद वेधशाळेच्या छापील वार्षिक ग्रंथांत शांतपणे पडून राहिली. २००३ मध्ये ब्रूस सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्ष लाखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिला. यांतले शेवटचे दोघे मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले. मोजमाप हातात असलेलं ते सर्वांत मोठं वादळ ठरलं. आज विमा कंपन्या, वीज कंपन्या, सरकारं "सर्वांत वाईट काय होऊ शकतं?" असं विचारतात, तेव्हा उत्तराच्या मुळाशी कुलाब्याचे ते आकडे असतात.

त्या आकड्याबद्दल वाद नाहीत असं समजू नका. तासाची सरासरी घेतली तर घट जवळजवळ निम्म्यावर येते. ती सगळी त्या कड्यामुळे झाली की दुसऱ्या प्रवाहांचाही त्यात वाटा होता, यावर आजही लिहिलं जातं. २०२२ मध्ये जपानच्या हिसाशी हायाकावा आणि सहकाऱ्यांनी कुलाब्याच्या तिन्ही दिशांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. पण वाद घालता येतो तो नोंद आहे म्हणून. नोंदच नसती तर फक्त आख्यायिका उरली असती.

याच्या उलटचं उदाहरणही सांगते. १८९२ साली लॉर्ड केल्विन रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांच्याइतका मान तेव्हा जगात दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला नव्हता. त्यांनी हिशेब मांडला, की सूर्यामुळे चुंबकीय वादळ व्हायचं तर आठ तासांच्या वादळासाठी सूर्याला चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाइतकी ऊर्जा खर्च करावी लागेल. तेव्हा सूर्याचे डाग आणि वादळं यांचा संबंध हा केवळ योगायोग. हिशेब बरोबर होता, गृहीतक चूक होतं. परिणाम सगळ्या दिशांना सारखा पसरतो असं त्यांनी धरलं होतं. तो झोतासारखा येतो, हे १९०४ च्या सुमारास ग्रिनिच वेधशाळेच्या वॉल्टर माउंडर यांनी जुन्या नोंदी चाळून दाखवलं. वादळं साधारण सत्तावीस दिवसांनी पुन्हा येतात, आणि सूर्यही पृथ्वीवरून पाहता तेवढ्याच दिवसांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करतो. थोरामोठ्यांच्या शब्दापेक्षा कंटाळवाणी नोंदवही जास्त बोलली.

आता माझ्या गावाकडे वळते. मी अलिबागची. १९०० च्या आसपास मुंबईत विजेची ट्राम आणायचं ठरलं. ट्रामचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परत जातो, आणि प्रवाह वाहिला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. म्हणजे कुलाब्याच्या सूचीला सूर्याऐवजी ट्रामच कळली असती. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभॉय मूस. त्यांनी चुंबकीय विभाग अलिबागला हलवला. इमारत पोरबंदरच्या दगडाची, कारण आपल्या काळ्या पाषाणातच चुंबकीय खनिज असतं. लोखंडाचा खिळासुद्धा नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप घेतलं, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे जोडता यावेत. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. १९१० मध्ये मूस यांनी कुलाब्याच्या साठ वर्षांच्या नोंदी दोन खंडांत छापल्या. नोंदीत खंड पडला नाही, तो त्या दोन वर्षांच्या दूरदृष्टीमुळे.

आमच्या आळीतले एक काका या वेधशाळेत नोकरीला होते. आम्हा मुलांना त्यांचं भारी कुतूहल. कामावर जाताना किल्ल्या, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल सगळं बाहेर ठेवून जायचं म्हणे. दिवाळी असो, गणपती असो, काका वेळेला निघायचे. एमएस्सीला असताना मी त्यांना शहाणपणाने विचारलं, "काका, रोज तेच ते आकडे लिहायचे, कंटाळा नाही येत?" ते म्हणाले, "बाळ, रीडिंग घेणाऱ्याने रीडिंगशी भांडायचं नसतं. लिहायचं. अर्थ लावणारे मागून येतात."

मला वाटलं, कारकुनाचं तत्त्वज्ञान. मी अर्थ लावणाऱ्यांतली होणार होते ना!

पुढे डॉक्टरेट झाली, इथे आले. एका प्रयोगशाळेत जुन्या वादळांच्या आकड्यांवर काम करत होते. लाखो आकडे, त्यांत बिघडलेल्या उपकरणांचे चुकीचे आकडेही असतात. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सरासरीपासून फार लांब असेल तो आकडा चूक समजून काढून टाकायचा. सगळे करतात तसंच. आलेख छान गुळगुळीत आला. लेख पाठवलाही. मग एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी सहज विचारलं, "इतक्या मोठ्या वादळाचा तळ इतका सपाट कसा?" मी मूळ आकडे काढून पाहिले. माझ्या प्रोग्रॅमने वादळाची सगळ्यात खोल वीस मिनिटं चूक म्हणून फेकून दिली होती. ज्या गोष्टीचा मी अभ्यास करत होते, तीच मी पुसली होती.

लेख मागे घेतला. पुन्हा सगळं करण्यात सहा महिने गेले. त्या महिन्यांत काकांचं वाक्य रोज आठवायचं, आणि कुलाब्याचा तो निनावी माणूसही. त्यालाही वाटू शकलं असतं की उपकरण बिघडलंय. त्याच्यापुढे सोळाशेचा आकडा होता आणि त्याला साक्ष देणारं दुसरं कुणी नव्हतं. तो रीडिंगशी भांडला नाही. मी, पीएच.डी., भांडले.

आता प्रश्न असा, की आज असं वादळ आलं तर? १८५९ मध्ये फक्त तारायंत्रं होती. आज आपल्या डोक्यावर आणि पायाखाली तारांचं आणि उपग्रहांचं जाळं आहे. ट्रामच्या वेळी प्रवाहामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होत होतं. वादळात उलट घडतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीत आणि लांब तारांत प्रवाह सुरू होतो. तो ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरला की ते तापतात आणि त्यांच्या पोटात बिघाड होतो.

१३ मार्च १९८९ ला पहाटे कॅनडातल्या क्विबेक प्रांताची वीजव्यवस्था दीड मिनिटात कोसळली. साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात, आणि बाहेर कडाक्याची थंडी. तिथला खडक वीज सहज वाहू देत नाही, त्यामुळे प्रवाह तारांकडे वळला. त्याच वादळात आपल्या न्यू जर्सीतल्या सेलम अणुवीज केंद्राचा एक मोठा ट्रान्सफॉर्मर जळाला. तेव्हा घट होती सुमारे ५९० नॅनोटेस्ला. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये स्वीडनच्या माल्मो शहरात तासभर वीज गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर वादळ मध्यमच होतं, पण वरचं वातावरण तापून फुगलं आणि नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे सुमारे चाळीस उपग्रह घर्षणाने खाली येऊन जळून गेले. आणि आपण अंगणातून पाहिलेलं २०२४ चं वादळ? घट सुमारे ४०० नॅनोटेस्ला. वीज गेली नाही, कारण क्विबेकनंतर वीज कंपन्या शिकल्या होत्या. पण मिडवेस्टमध्ये ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले आणि शेतकरी खोळंबले.

जुलै २०१२ मध्ये एक प्रचंड उद्रेक सूर्यावरून निघाला होता. तो पृथ्वीच्या कक्षेतून गेला, पण तेव्हा पृथ्वी तिथे नव्हती. स्टीरिओ यानाला तो लागला. आठवडाभर आधी झाला असता तर कुलाब्याच्या जोडीची दुसरी नोंद आपल्या पिढीने केली असती.

पूर्वसूचना मिळते का? थोडी. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये, आपल्यापासून पंधरा लाख किलोमीटरवर, काही यानं पहारा देतात. भारताचं आदित्य-एल१ तिथे जानेवारी २०२४ पासून आहे. त्याचं उड्डाण झालं २ सप्टेंबर २०२३ ला. कुलाब्याच्या नोंदीला त्याच दिवशी १६४ वर्षं झाली होती. हा निव्वळ योगायोग, त्यात मुहूर्त शोधू नका. वाऱ्यातलं क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे त्या पहाऱ्यावरच नक्की कळतं. तिथून पृथ्वीपर्यंत नेहमीच्या वाऱ्याला तास लागतो, वादळी वाऱ्याला वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्यात वीजव्यवस्था सांभाळणाऱ्यांनी निर्णय घ्यायचा.

आणि या सगळ्या यानांच्या जोडीला जमिनीवरच्या वेधशाळा लागतातच. अलिबाग आजही मोजतंय.

मंडळी, आपण इथे अंधश्रद्धेवर पुष्कळ बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण मला वाटतं आपल्याकडे वैज्ञानिक दृष्टी म्हणजे खोडून काढणं, एवढीच समजूत झाली आहे. आईला मी "खोटं आहे" म्हणाले तेव्हा मी अर्धंच काम केलं. खोडून काढायला एक मिनिट लागतं. मोजायला, लिहून ठेवायला आणि दीडशे वर्षं जपायला पिढ्या लागतात. त्या कामाला टाळ्या नाहीत, आणि सरकारी अंदाजपत्रकात कात्री लावायची वेळ आली की पहिली नजर अशाच कामांवर जाते. इथे काय, तिथे काय.

आपल्यातले कितीतरी जण मायदेशी शाळांना संगणक देतात, शिष्यवृत्त्या देतात. फार चांगलं आहे. माझी एवढीच विनंती आहे, की नोंदी ठेवणाऱ्या कामालाही आपलं म्हणा. पावसाची मोजणी, विहिरींच्या पाण्याची पातळी, जन्ममृत्यूची नोंद, शाळेतली खरी हजेरी. न आवडणारा आकडासुद्धा लिहून ठेवायची सवय जिथे आहे, तिथे समाज स्वतःला फसवू शकत नाही.



प्रश्नोत्तरांतून

एका काकूंनी विचारलं, की अशा वादळाने रक्तदाब वाढतो का, आणि चुंबकीय गादीचा उपयोग होतो का. जमिनीवरच्या माणसाला चुंबकीय वादळाने थेट धोका नाही. क्षेत्रात चार टक्के बदल झाला तेच इतिहासातलं मोठं वादळ. दारावरच्या साध्या लोहचुंबकाजवळ उभं राहिलात तर याहून कितीतरी मोठा बदल होतो. अंतराळवीर आणि ध्रुवांवरून जाणारी विमानं यांना किरणोत्साराची काळजी घ्यावी लागते, पण ती वेगळी बाब. गादीबद्दल इतकंच म्हणेन, की विकणाऱ्याकडे नोंदवही मागा.

दुसरा प्रश्न एका शाळकरी मुलीचा होता. "मग आजीला तुम्ही शेवटी काय सांगितलंत?" त्या रात्री काहीच नाही. पण पुढच्या सुट्टीत मी आईला घेऊन वेधशाळेच्या रस्त्याने फिरायला गेले आणि चालता चालता हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मेसेज नासाचा नव्हता, पण खरी बातमी इथेच, आपल्या गावात लिहिली जात होती!" तेव्हापासून असा मेसेज आला की ती पाठवणाऱ्यालाच विचारते, "मोजलं कुणी? लिहिलंय कुठे?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही.